बघायला थांबले

२ फेब्रुवारी

मावशी, नमस्कार.

अक्षर ओळखलंत की नाही, ठाऊक नाही. अकरा वर्षांनी लिहिते आहे. फोनच करणार होते, पण आई म्हणाली की तुम्हाला आता फोनवरचं काही ऐकू येत नाही आणि ऐकू येत नाही हे तुम्ही कबूलही करत नाही, तेव्हा पत्रच टाक.

काम लहानसं आहे. मी एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला आहे. आमच्यातल्या एका बाईने ऑफिसला इंग्रजीत एक वाक्य लिहून दिलंय. ते बरोबर की चूक, एवढंच मला कळायला हवंय. वाक्य असं: आय स्टॉप्ड चेकिंग द डायल ॲट टू ओक्लॉक. डायल म्हणजे वाफेचा दाब दाखवणारा काटा. इथे यावरून बरंच काही चाललंय. ती म्हणते, वाक्यात चूक नाही. ऑफिसवाले म्हणतात, यातच सगळं आलं. इथे विचारावं असं कोणी नाही, म्हणून तुम्हाला त्रास देते.

उत्तर लवकर धाडलंत तर बरं होईल. तब्येतीला जपा.

तुमची भाची

७ फेब्रुवारी

भिंगरे,

अक्षर ओळखलं. तुझा ‘क’ अजून पडायला आल्यासारखा उभा राहतो.

मावशीला ‘तुम्ही’ कधीपासून म्हणायला लागलीस? वर्गात म्हणायचीस ते ठीक होतं, तिथे मी बाई होते. आणि मला ऐकू येत नाही ही तुझ्या आईने उठवलेली आवई आहे. समोर बसून सावकाश बोललं तर येतं.

आता वाक्याचं. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. त्याचा अर्थही स्वच्छ आहे: दोन वाजता मी काटा बघायचं थांबवलं. म्हणजे तोवर बघत होते, त्यानंतर बघणं सोडून दिलं. ‘स्टॉप’च्या पुढे आयएनजी लावलेलं रूप आलं, त्याला जेरंड म्हणतात ते तू शिकलीच आहेस, की जे काम चाललं होतं ते बंद झालं असा अर्थ होतो. काटा बघण्यासाठी हातातलं दुसरं काही थांबवलं, असं तिला म्हणायचं असतं तर तिने ‘टू चेक’ लिहायला हवं होतं. त्याला इन्फिनिटिव्ह म्हणतात. आपल्या भाषेत बघ, किती सरळ आहे. बघायची थांबले आणि बघायला थांबले. एका अक्षराचा खेळ, पण घोटाळा कोणाचाच होत नाही.

तेव्हा तुझ्या त्या बाईने जे केलं तेच लिहिलंय. वाफेवर लक्ष ठेवायचं काम अंगावर असताना तिने ते सोडलं असेल, तर आता व्याकरणाच्या आड लपून काय उपयोग? तिला सांग, कबूल हो आणि मोकळी हो. तू मात्र दुसऱ्याच्या भानगडीत पडू नकोस. तुला ती खोड पहिल्यापासून आहे.

आईला सांग, मी बरी आहे.

मावशी

११ फेब्रुवारी

मावशी,

ती बाई मीच आहे.

पहिल्या पत्रात खोटं लिहिलं, कारण तू काय म्हणशील ते मला पाठ होतं. आणि तू अगदी तेच म्हणालीस. तुझं पत्र वाचून दोन दिवस मी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी उठले आणि ठरवलं की सगळं लिहायचं, आणि मग तुला काय वाटायचं ते वाटू दे.

आमच्याकडे इस्पितळाच्या चादरी धुऊन, रोलरमधून काढून, घड्या घालून परत जातात. रोलरवर दोघी लागतात. ओली चादर दोन टोकांना धरायची आणि गरम रोलरमध्ये सोडायची. माझी जोडीदारीण सात वर्षं तीच आहे. आमच्या खात्यात एकाच नावाच्या दोघी आहेत, म्हणून हिला सगळे थोरली म्हणतात. दाबाचा काटा भिंतीवर आहे, माझ्या जागेपासून सहा पावलांवर. दर अर्ध्या तासाने तो बघायचा आणि खिळ्याला टांगलेल्या वहीत आकडा लिहायचा, हे काम माझं.

अठ्ठावीस तारखेला दुपारी दोन वाजता मी हातातली चादर सोडली, थांबले आणि काटा बघायला गेले. काटा लाल रेघेच्या पुढे होता. मी तशीच फोरमनकडे धावले. तो दारात गाडीवाल्याशी हुज्जत घालत उभा होता, चादरींची गाडी एक तास उशिरा आली होती. मी त्याला सांगितलं. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला की बघतो, तू चालू ठेव. मी परत आले. वीस मिनिटांनी थोरलीच्या बाजूचा वाफेच्या नळीचा सांधा सुटला. तिचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला.

तासाभरात ऑफिसने माझ्या हातात छापील कागद दिला. इंग्रजीतच भरायचा असतो. थोरलीचा आवाज कानातून जात नव्हता. मला लिहायचं होतं, मी काटा बघायला थांबले. आणि इंग्रजी करताना मला काय आठवलं सांगू? तुझा वर्ग. तुझा तक्ता. स्टॉप, एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड, यांच्यापुढे नेहमी आयएनजी. आम्ही चाळीस मुली एका सुरात म्हणायचो. ‘नेहमी’वर तू छडी आपटायचीस. म्हणून ‘टू चेक’ लिहिता लिहिता मी ते खोडलं आणि ‘चेकिंग’ लिहिलं. खोडल्याची खूण कागदावर अजून असेल. मला वाटलं, निदान ही तरी चूक माझ्या हातून व्हायला नको.

आता मला घरी बसवलंय. एक मार्चला चौकशी आहे. मी दोन वाजल्यापासून काटा बघायचंच सोडलं, हे माझ्याच सहीनिशी त्यांच्याकडे आहे. हे अंगाला चिकटलं तर मला पुन्हा कुठल्या यंत्रापाशी कोणी उभं करणार नाही. पण खरं सांगू का, त्याहून जास्त हे खुपतं की थोरलीला कोणीतरी तो कागद वाचून दाखवला. मी भेटायला गेले तर तिने भिंतीकडे तोंड केलं.

मला धीर नको. मला शिकव. एक मार्चला माझं मी बोलणार आहे.

भिंगरी

१६ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र परवा आलं. काल दिवसभर उत्तर लिहायला बसत होते आणि उठत होते.

तो तक्ता माझाच. एकतीस वर्षं तो मी शिकवला. त्याच्या खाली पुस्तकात बारीक अक्षरात एक टीप होती, की ‘स्टॉप’, ‘रिमेंबर’, ‘फरगेट’, ‘ट्राय’ यांच्यापुढे दोन्ही रूपं येतात आणि अर्थ बदलतो. ती मी दरवर्षी गाळत असे. परीक्षेत विचारत नसत आणि मुलींचा गोंधळ होतो. म्हणजे मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही. तुला मात्र मागच्या पत्रात वर उपदेश केला, की कबूल हो. आता मी कबूल करते.

आणखी एक, इतक्या वर्षांचं. दहावीच्या आधीच्या परीक्षेत तुला दोन गुण कमी पडत होते. दुसरी कोणी असती तर मी ते दिले असते, इतर तिघींना दिलेही. तू भाची, लोक काय म्हणतील, म्हणून तुला दिले नाहीत. त्यानंतर तू शाळेत आली नाहीस. मी तुझ्या आईला म्हणाले की मुलीला अभ्यासाची आवडच नाही. ते खोटं होतं.

झालं, आता काम. रोज दहा वाक्यं सोडवायची. सोबत पहिली दहा पाठवते. यादी पाठ करू नकोस, एकही नाही. प्रत्येक वाक्य आधी आपल्या भाषेत बोल, मोठ्याने. ‘आय ट्राइड टू ओपन द विंडो’ म्हणजे खिडकी उघडायचा प्रयत्न केला, बहुधा उघडली नाही. ‘आय ट्राइड ओपनिंग द विंडो’ म्हणजे खिडकी उघडून पाहिली, त्याने काही फरक पडतो का ते बघायला. ‘फरगॉट टू लॉक’ म्हणजे कुलूप लावायला विसरले. ‘फरगॉट लॉकिंग’ म्हणजे कुलूप लावलं होतं, पण लावल्याचं विसरले. पहिलीच्या घरात चोर शिरेल, दुसरी उगाच अर्ध्या वाटेवरून परत येईल. ‘टू’वालं रूप बहुतेक पुढे बघतं, करायचं आहे त्याकडे. आयएनजीवालं मागे बघतं, केलं त्याकडे. सगळीकडे हे लागू पडत नाही, पण तुला एक मार्चपर्यंत पुरेल.

चौकशी करणाऱ्या समितीला मी वेगळं पत्र लिहिलं आहे, की या मुलीला चुकीचा नियम मी शिकवला.

आणि एक विचारते. काटा बघून, फोरमनला सांगून तू रोलरपाशी परत आलीस. सांधा सुटायला वीस मिनिटं होती. त्या वीस मिनिटांत तू थोरलीला काय सांगितलंस? तुझ्या पत्रात ती वीस मिनिटं नाहीत.

मावशी

२० फेब्रुवारी

मावशी,

दहा वाक्यं सोडवून पाठवते. गच्चीवर कपडे वाळत घालताना मी मोठ्याने बोलत होते, कुलूप लावायला विसरले, कुलूप लावल्याचं विसरले, कुलूप लावायला विसरले. शेवटी शेजारीण जिना उतरून तिचं कुलूप बघून आली.

समितीने तुझं पत्र दप्तरी घेतलं नाही. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, नातेवाइकाची साक्ष चालत नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरंच झालं. मावशीने चिठ्ठी दिली म्हणून सुटली, असं मला नको आहे. तू मात्र लिहिलंस. तो कागद मी त्यांच्याकडून परत मागून घेतला आणि जपून ठेवलाय.

दोन गुणांबद्दल मला ठाऊक होतं. त्या तिघींपैकी एकीने मला तेव्हाच सांगितलं होतं. मी तुझ्यावर रागावून शाळा सोडली, पण परत गेले नाही ते माझ्या हट्टामुळे. तेव्हा ते सगळं तू एकटीने डोक्यावर घेऊ नकोस.

आता ती वीस मिनिटं. तू विचारशील हे मला ठाऊक होतं, म्हणूनच ती लिहिली नव्हती.

मी तिला काही सांगितलं नाही. गाडी उशिरा आल्यामुळे दोनशे चादरी पडून होत्या. संध्याकाळच्या आत वर पाठवायच्या होत्या, वॉर्डांतून दोनदा फोन आला होता. मी परत आले, तेव्हा थोरलीने विचारलं, कुठे गेली होतीस. मी म्हणाले, काही नाही. मला वाटलं, फोरमनला सांगितलंय, तो येईल, वाफ कमी करेल. उगाच तिला कशाला घाबरवू? ती घाबरली तर हात थांबतील. मी चादर उचलली. माझ्या बाजूला सांधा नाही, मावशी. तो तिच्या बाजूला आहे.

कागदावर याच्याबद्दल कोणी विचारलेलं नाही. चौकशीतही विचारणार नाहीत.

भिंगरी

२४ फेब्रुवारी

भिंगरे,

दहातली नऊ बरोबर. सातवं चुकलं. ‘आय रिग्रेट टू से’ म्हणजे सांगायला वाईट वाटतं, आणि अजून सांगायचं आहे. ‘आय रिग्रेट सेइंग’ म्हणजे सांगून टाकलं आणि आता पस्तावा होतोय. तू उलट केलंस. लाल शाईने दुरुस्त केलंय. पुढची वीस सोबत आहेत.

वीस मिनिटांबद्दल मी तुला समजावणार नाही. तू तेव्हा काय विचार केलास ते मला कळतं, आणि तरी ते चुकलं. थोरलीला सांग. चौकशीच्या आधी सांग. नंतर सांगितलंस तर तिला वाटेल, सुटका झाल्यावर आलीस. सांगताना सफाई देऊ नकोस आणि माफ कर असं तिच्याकडून वदवूनही घेऊ नकोस.

चौकशीसाठी दोन गोष्टी. पहिली, कोणी सारांश वाचून दाखवला तर मूळ कागद माग. सारांश करणारा माणूस घाईत असतो आणि घाईत ‘टू’ आणि आयएनजी अशी सहज जागा बदलतात. दुसरी, माझा अर्थ असा होता, एवढं सांगून भागणार नाही. तसं कोणीही म्हणेल. तुझ्याच कागदात काहीतरी शोध, जे तुझ्या अर्थाशिवाय उभंच राहत नाही. तो कागद माझ्याकडे नाही, तुलाच शोधायला हवं.

जेवून जा. रिकाम्या पोटी तुझा आवाज चिरका होतो.

मावशी

२ मार्च

मावशी,

काल चौकशी झाली. सगळं क्रमाने सांगते.

खोली लहान, खिडकी बंद. टेबलामागे तिघं: बाहेरून बोलावलेले एक वयस्कर इंजिनिअर, इस्पितळाच्या मेट्रन आणि ऑफिसातल्या बाई. फोरमन माझ्या शेजारच्या खुर्चीवर, मधे एक खुर्ची रिकामी. मी जेवून गेले होते.

ऑफिसच्या बाईंनी सारांश वाचला. पहिला मुद्दा, दोन वाजल्यापासून काटा बघणं बंद केल्याचं मी स्वतः लिहून दिलंय. दुसरा, फोरमनला सांगायची मला आठवण राहिली नाही. तिसरा, वहीत दोनची नोंद नाही. मग इंजिनिअर म्हणाले, काही सांगायचं असेल तर सांगा. त्यांना वाटलं होतं, मी रडेन. कागदी रुमालांचा डबा टेबलावर आधीच आणून ठेवला होता.

मी उभी राहिले आणि दोन्ही इंग्रजी वाक्यं म्हणून दाखवली, आय स्टॉप्ड चेकिंग आणि आय स्टॉप्ड टू चेक. मग आपल्या भाषेत म्हणाले, मला बघायला थांबले म्हणायचं होतं, बघायची थांबले लिहिलं गेलं. इंजिनिअरांनी चष्मा काढला. ते म्हणाले की फरक मला ठाऊक आहे, पण आज तुम्ही अर्थ बदलताय आणि तुमच्यावर विश्वास ठेवायला मला आधार काय? तू सांगितलंस तसंच झालं. मी म्हणाले की माझ्यावर विश्वास ठेवू नका, पुढचं वाक्य वाचा. माझ्या कागदात लगेच पुढे लिहिलेलं आहे की काटा लाल रेघेच्या पलीकडे होता. दोन वाजता मी बघायचंच सोडलं असेल, तर दोन वाजता काटा कुठे होता हे मला कसं कळलं?

हे मला शनिवारी भांडी घासताना सुचलं होतं. तेव्हापासून कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी कागद मागवला, वाचला, मेट्रनना दिला. ‘टू’ खोडल्याची खूण मेट्रननीच दाखवली. मग मी फोरमनचा मूळ जबाब मागितला. ऑफिसच्या बाई म्हणाल्या, सारांशात सगळं आहे. मी म्हणाले, माझ्या वाक्यातही सगळं होतं. इंजिनिअर थोडे हसले आणि त्यांनी फाइल उघडायला लावली.

मूळ जबाबात फोरमनने लिहिलं होतं: आय डोन्ट रिमेंबर हर टेलिंग मी एनीथिंग. आणि सारांशात त्याचं झालं होतं: शी डिड नॉट रिमेंबर टू टेल हिम. मावशी, मी ते दोनदा वाचलं. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. घाईच झाली असेल. पण पहिल्यात विसरलेला आहे तो. दुसऱ्यात विसरलेली मी.

मी तेच बोलले. तिने सांगितल्याचं मला आठवत नाही, असं यांनी लिहिलंय. सांगायची तिला आठवण राहिली नाही, असं यांनी कुठेच लिहिलेलं नाही. इंजिनिअरांनी फोरमनला विचारलं, ही तुमच्याकडे आली होती का? तो आपल्या बुटांकडे बघत बोलला.

“आली असेल. गाडीचा घोळ चालला होता. मला आठवत नाही.”

“आली नाही, असं तुम्ही म्हणू शकता?”

“नाही. तसं नाही म्हणता येणार.”

मला त्या क्षणी त्याचा राग आला नाही. त्याला खोटं बोलता आलं असतं.

मग वहीचं विचारलं. ते मी सरळ सांगितलं: आय फरगॉट टू राइट इट. टू राइट. लिहायला विसरले, लिहिलेलंच नाही. तिथे माझ्या बाजूने बोलायला काही नव्हतं.

निकाल संध्याकाळी दिला. पाच तारखेपासून मी कामावर. वहीबद्दल लेखी ताकीद. सारांश रद्द, नवा लिहिणार. रोलर नवा सांधा बसेपर्यंत बंद. फोरमनचं काय करणार ते कळलेलं नाही.

घरी आले आणि आईला सांगितलं, तर ती म्हणाली, एवढं सगळं एका ‘टू’साठी? मग तिने तुला फोन लावला, तू उचललास आणि दोघी बराच वेळ वेगवेगळ्या विषयांवर बोललात. तुला काय ऐकू आलं ते कळव.

भिंगरी

७ मार्च

भिंगरे,

मला एवढंच ऐकू आलं की तू जिंकलीस आणि कोणाची तरी दाढ काढली. दुसरं बहुधा आईचं असावं.

तुझं पत्र मी वाचनालयात बसून वाचलं आणि वाचून झाल्यावर शेजारच्या अनोळखी गृहस्थांना वाचायला दिलं. त्यांनी विचारलं, कोण तुमची? मी म्हणाले, माझी विद्यार्थिनी. मग भाची असंही सांगितलं. त्या क्रमाने.

परवा शाळेत गेले होते. तिथली आताची बाई तरुण आहे, मनमिळाऊ आहे, तक्ता मात्र तोच. तिच्या परवानगीने अर्धा तास वर्ग घेतला. गाळलेली टीप फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिली. ‘स्टॉप’चं उदाहरण द्यायचं म्हणून लाँड्रीतला काटा दिला. कोणाची गोष्ट ते सांगितलं नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, मग बाई, आधीच्या मुलींना हे का नाही शिकवलं? मी तिला खरं उत्तर दिलं. सोपं गेलं नाही. या महिन्यापासून दर बुधवारी जाणार आहे, पगार नको म्हणून सांगितलंय.

आता तुझ्या पत्राबद्दल. चार पानं लिहिलीस. इंजिनिअरचा चष्मा आहे, फोरमनचे बूट आहेत, रुमालाचा डबासुद्धा आहे. थोरलीबद्दल एक अक्षर नाही. चौकशीच्या आधी सांग म्हणाले होते. सांगितलं नाहीस ना?

सातवं वाक्य पुन्हा वाच. ‘आय रिग्रेट टू से’ मध्ये सांगणं अजून बाकी असतं.

मावशी

१५ मार्च

मावशी,

सांगितलं नव्हतं. चौकशीच्या आधी दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले. घाबरले होते की तिने ते समितीला सांगितलं तर माझं काही खरं नाही. तू म्हणालीस तसंच झालं, सुटका झाल्यावरच गेले. ते आता बदलता येत नाही.

रविवारी सकाळी गेले. थोरली आता घरी आहे. दार तिच्या मुलीने उघडलं आणि मला आत घेऊन ती बाहेर निघून गेली. थोरली खुर्चीत बसली होती, हात उशीवर. मलमपट्टी मनगटापर्यंत, बोटं मोकळी. चौकशीत काय झालं ते तिला आधीच कळलं होतं. ती म्हणाली, बरं झालं, सुटलीस.

मी म्हणाले की त्यासाठी आले नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. काटा पुढे गेलेला मी बघितला होता. तू विचारलंस तेव्हा मी काही नाही म्हणाले. मला ठाऊक होतं आणि तुला सांगितलं नाही. एवढंच बोलले, पुढे काही जोडलं नाही. खूप काही जोडावंसं वाटत होतं. जीभ दाताखाली धरली.

तिने हात उशीवर नीट ठेवला. मग म्हणाली, “सांगितलं असतंस तरी मी थांबले नसते. दोनशे चादरी होत्या.” मग पुन्हा म्हणाली, “पण थांबायचं की नाही, ते मला ठरवू द्यायचं होतंस.”

मी हो म्हणाले.

मग तिने मला चहा करायला लावला. तिच्या घरी साखर कुठे असते ते मला सात वर्षांत ठाऊक झालंय. आम्ही चहा प्यायलो. तिचा कप मी धरला नाही, तिने डाव्या हाताने उचलला, थोडा सांडला. पूर्वीसारखं झालं असं म्हणणार नाही. अधूनमधून ती माझ्याकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची. पण निघताना तिने टेबलावरचा कागद माझ्यापुढे सरकवला. इजा झालेल्या कामगाराने भरायचा तोच छापील कागद, इंग्रजीतला. तिला इंग्रजी येत नाही. ऑफिसातून कोणी येऊन भरून देतो म्हणालं होतं, तिने नको म्हणून सांगितलं होतं.

“मी बोलते, तू लिही. आणि मी बोलते तेच लिही.”

दोन तास लागले. मी आधी तिचं म्हणणं जसंच्या तसं आपल्या भाषेत लिहिलं. मग इंग्रजीत. जिथे दोन अर्थ निघतील तिथे थांबून तिला विचारलं. ती म्हणाली, त्यानंतर मी चादरी लावतच राहिले. ‘गो ऑन’च्या पुढेही दोन्ही रूपं येतात, तुझ्या वाक्यांच्या तिसऱ्या दहांत होतं. मी विचारलं, आधीपासून लावत होतीस तेच चालू ठेवलंस, की आधी दुसरं काही करत होतीस आणि मग चादरी लावायला घेतल्यास? ती वैतागली, म्हणाली, दिवसभर तेच करतो ना आपण. मी ‘वेंट ऑन पुटिंग’ लिहिलं. त्या वीस मिनिटांचं तिने सांगितलं, तेही लिहिलं. माझ्या जोडीदारणीला दाब वाढल्याचं ठाऊक होतं, तिने मला सांगितलं नाही. लिहिताना माझा हात थांबला, तेव्हा ती म्हणाली, लिही. मी लिहिलं, आणि तिला वाचून दाखवलं. शेवटी तिने सांगितलं, मी रोलरवर परत येणार आहे, याच जोडीदारणीबरोबर, पण काटा मी स्वतः बघितल्याशिवाय एकही चादर लावणार नाही.

सोमवारी आम्ही दोघी ऑफिसात गेलो. तिने डाव्या हाताने सही केली. दोन्ही कागद एकत्र टाचले. खिडकीतला कारकून म्हणाला की इंग्रजी तेवढाच चालतो, दुसरा काढून घ्या. थोरली म्हणाली, दोन्ही घ्या नाहीतर एकही घेऊ नका. मागे रांग वाढत चालली होती. रांगेतल्या दोघीतिघींच्या हातात असेच कागद होते आणि त्या मान उंचावून बघत होत्या. कारकुनाने कंटाळून शिक्का उचलला आणि विचारलं, यातला खरा कोणता धरायचा?

थोरलीने बोट ठेवून दाखवलं. “मी बोलले तो.”

त्याने दोन्हींवर शिक्का मारला.

भिंगरी